काजळाची शाई आणि कार्बनच्या नळ्या

(बोईसर येथे तंत्रशिक्षण घेणारे विद्यार्थी आणि कामगार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर. आपल्याला रसायनशास्त्र शिकविण्याचा अधिकार मला नाही. तथापि शास्त्रातील गोष्ट सामान्यांच्या भाषेत पोहोचविणे हे माहिती अधिकाऱ्याचे कामच होय.

पूर्वी पोथ्या लिहिण्यासाठी काजळाची शाई करीत. नुसती काजळी पाण्यात नीट मिसळत नाही. तिच्या गुठळ्या होतात. म्हणून तिच्यात डिंकाचे पाणी घालून ती दीर्घकाळ खलत. डिंक प्रत्येक कणाभोवती वेढा घालतो, कण परस्परांपासून दूर राहतात आणि अक्षर एकसारखे काळे उमटते.

त्याच कार्बनचे एक निराळे रूप १९९१ साली जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांच्या संशोधनामुळे जगाच्या नजरेत भरले. ग्राफाइटचा एक पापुद्रा गुंडाळून सुरळी करावी, तशी ही कार्बन नॅनोनळी. एकपदरी नळीचा व्यास सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! ती पोलादापेक्षा कितीतरी पट बळकट, वजनाने हलकी आणि विजेची वाहक आहे. तिचा अल्पसा अंश प्लॅस्टिकमध्ये मिसळला तरी ते वीजवाहक होऊ शकते. लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्येही तिचा उपयोग होतो.

परंतु या नळ्या एकमेकींना घट्ट चिकटून त्यांचे जुडगे बनतात. रेझिनमध्ये असे जुडगे तसेच राहिले, तर बळकटी येण्याऐवजी नेमका तेथूनच तडा जातो. म्हणून नळ्या सुट्या करणे हा खरा प्रश्न आहे.

त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला रासायनिक बदलाचा. नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांत नळ्या तापविल्या की त्यांच्या टोकांवर आणि सदोष जागी ऑक्सिजनयुक्त गट जोडले जातात. त्यांच्या आधारे नळी पाण्यात मिसळते, रेझिनशीही बांधली जाते. मात्र प्रक्रिया अति झाल्यास नळीची भिंतच बिघडते आणि वीजवाहकता घटते. दुसरा मार्ग वेढ्याचा. नळीला न दुखविता तिच्याभोवती योग्य द्रव्याचे आवरण घालावयाचे आणि ध्वन्यातीत लहरींनी जुडगे सोडवावयाचे. येथेही लहरींचा मारा फार वेळ केल्यास नळ्या तुटून आखूड होतात. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली या कामासाठी कोणते द्रव्य वापरले, ठाऊक आहे? डिंक! जी युक्ती आपल्या शाई करणारांना अनुभवाने साधली होती, तीच प्रयोगशाळेत उपयोगी पडली.

ही विद्या आपल्याला सर्वस्वी परकी नाही. तारापूरचे नाव १९६९ साली अणुवीज केंद्रामुळे देशभर झाले. पुढे येथील औद्योगिक वसाहतीत रंग, रसायने, औषधे आणि कापड यांचे कारखाने वाढले. पॉलिएस्टरसाठी लागणारे डिस्पर्स रंग पाण्यात विरघळत नाहीत. त्यांना डिस्पर्सिंग एजंटसह बारीक दळावे लागते. दळण किती, एजंट किती, गुठळी का झाली, हे प्रश्न ज्या कामगाराने हाताळले आहेत, त्याला नव्या विद्येचे दार निम्मे उघडलेलेच आहे.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. आम्लात तापविलेल्या नळ्या पुनःपुन्हा धुवाव्या लागतात. ते आम्लधर्मी पाणी जाणार कोठे? तारापूरच्या सांडपाण्याचा प्रश्न मच्छीमारांच्या संघटनेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता, हे आपण सारे जाणतो. शिवाय कोरड्या नळ्यांची धूळ श्वासावाटे जाऊ देणे धोक्याचे आहे. त्यांच्यातील एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली संभाव्य कर्ककारक ठरविले. तेव्हा बंदिस्त यंत्रणा, योग्य मुखपट्टी आणि सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया यांचा खर्च प्रथमपासूनच हिशेबात धरला पाहिजे.

नळ्या सुट्या कराव्यात, पण मोडू नयेत, हे या तंत्राचे मर्म. उद्योग वाढवावा, पण खाडी आणि कामगाराची छाती बिघडू देऊ नये, हे त्याचे दुसरे मर्म. ही दोन्ही मर्मे जाणणारे तंत्रज्ञ पालघर जिल्ह्यातून पुढे यावेत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.