नरक्या : सह्याद्रीतील एक उपेक्षित वृक्ष

सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यात नरक्या नावाचा एक लहानसर वृक्ष आढळतो. त्याच्या पिवळसर पांढऱ्या फुलांना असा दुर्गंध येतो, की ते नाव सार्थ वाटावे. शोभेकरिता हा वृक्ष कोणी अंगणात लावणार नाही. तथापि कर्करोगावरील दोन मोलाची औषधे ज्या द्रव्यापासून सिद्ध झाली, ते कॅम्प्टोथेसिन ह्याच वृक्षाच्या लाकडात व सालीत साठलेले असते.

ह्या द्रव्याचा शोध प्रथम सह्याद्रीत लागला नाही. मनरो वॉल व मनसुख वाणी ह्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून ते वेगळे काढले व १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. ह्यांपैकी वाणी हे खानदेशातील नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे १९७२ साली गोविंदाचारी व विश्वनाथन ह्यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे दाखविले.

त्याचे कार्य मोठे चमत्कारिक आहे. पेशीचे विभाजन होताना तिच्यातील आनुवंशिक धाग्याला दोराप्रमाणे पीळ पडतो. पेशीतील एक विकर त्या धाग्याचा एक पदर क्षणभर तोडून पीळ सैल करते आणि तो पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन हे सांधणेच रोखते. मग तुटलेल्या जागी विभाजन अडखळते व पेशी मरते. कर्काच्या पेशी अखंड विभागत असल्यामुळे हा आघात त्यांस अधिक जाणवतो.

परंतु मूळ द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही, आणि प्रारंभीच्या प्रयोगांत रुग्णांना त्याचा फार त्रास झाल्यामुळे ते बाजूस पडले. त्याच्या रचनेत फेरफार करून इरिनोटेकान व टोपोटेकान ही औषधे तयार झाली. अमेरिकेत १९९६ साली त्यांना मान्यता मिळाली. पहिले मोठ्या आतड्याच्या, तर दुसरे अंडाशयाच्या कर्करोगावर वापरतात. ह्यावरून नरक्याची साल उकळून प्यावी असे मात्र कोणी समजू नये. शुद्ध द्रव्यही जेथे विषवत् ठरले, तेथे घरगुती काढा घातकच होय.

ह्या कीर्तीची किंमत वृक्षालाच द्यावी लागली आहे. मागणी वाढताच अरण्यातील झाडे चोरून तोडली गेली, मुळेही खणून नेण्यात आली. बुंधा राखून तोडलेले झाड पुन्हा फुटते. मूळ उपटलेले झाड कायमचे जाते. म्हणून लागवड करणे आणि अरण्यातील झाडे राखणे, हाच सुज्ञ मार्ग होय. रुग्णाला जीवदान देणारा वृक्ष आपल्या हातून नामशेष व्हावा, ह्याहून मोठी कृतघ्नता ती कोणती?