तळाची तोटी का तुंबते?

घरी बिअर करणं म्हणजे बहुतांशी भांडी घासणं, असं अमेरिकेतले होमब्रूअर गमतीनं म्हणतात. उरलेला वेळ तुंबलेल्या तोटीसमोर उकिडवं बसण्यात जातो, एवढी भर त्यात घालायला हवी. तासभर वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, हॉप्स घालून उकळलेला असतो. गॅस बंद होतो, नळी जोडली जाते, तोटी उघडते. पहिलं मिनिटभर धार जोरात पडते. मग ती बारीक होते आणि शेवटी नुसते थेंब ठिबकू लागतात. पातेल्यात डोकावून पाहावं तर पंधरा-सोळा लिटर वर्ट जागच्या जागी!

आधी एक खुलासा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार आपल्याकडे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या स्वयंपाकघरात आणि स्वतःपुरतं का असेना. त्यामुळे आजचा विषय इंग्लंड-अमेरिकेतला. ज्यांची मुलं-भाचरं तिकडे स्थायिक आहेत त्यांनी मात्र कान टवकारायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरचं परवान्याचं बंधन १९६३ मध्ये उठलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेला कायदा पुढच्या फेब्रुवारीत लागू झाला. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, अशी त्यात मुभा होती. राज्यांचे कायदे वेगळे असल्यामुळे मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत मात्र २०१३ उजाडावं लागलं.

छंद कायदेशीर झाला, पण त्याला साजेशी भांडी बाजारात सहजी मिळत नव्हती. मग लोकांनी बिअरची साडेपंधरा गॅलनची, म्हणजे सुमारे ५९ लिटरची, स्टीलची पिंपं वरून कापली, खाली भोक पाडलं आणि त्यात अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह बसवला. आज तयार केटल मिळतात, तरी तोटी बहुधा त्याच मापाची असते. आतली वाट जेमतेम बोटभर. तिच्यातून काय काय जायला बघतं, ते पाहण्यासारखं आहे.

वर्टला उकळी फुटली की त्यातली प्रथिनं गोठून त्यांचे अंड्याच्या पांढऱ्यासारखे पुंजके तयार होतात. ब्रूअर त्याला हॉट ब्रेक म्हणतात. वर्ट थंड करताना आणखी बारीक गाळ सुटतो, तो कोल्ड ब्रेक. दोन्ही मिळून जो साका खाली बसतो तो ट्रब. शिवाय हॉप्स असतातच. हॉप म्हणजे एका वेलीची मादी फुलं. ती अख्खी वाळवलेली मिळतात किंवा दळून, दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात. गोळी उकळत्या वर्टमध्ये पडली की क्षणात फुटते आणि तिचा हिरवा पीठगोळा होतो. जुन्या पद्धतीच्या पेल एल बिअरला १९ लिटरमागे पन्नासेक ग्रॅम हॉप्स पुरत. आजच्या गढूळ आयपीए बिअरला काही जण दोनशे ग्रॅमच्या वर जातात. सगळेच उकळताना पडत नाहीत हे खरं, पण पातेल्यात पडतात तेवढेही तोटीचा घास घ्यायला पुरेसे असतात.

अख्खं फूल आणि गोळी यांतला हा फरक ज्याच्या ध्यानात येत नाही, तो चुकीची जाळी विकत घेतो.

जाळीचं प्रकरण असं आहे. तोटीच्या आतल्या तोंडाला स्टीलच्या बारीक जाळीची वीतभर नळी बसवतात. तिचं बाजारातलं नाव आहे बझूका. अख्ख्या फुलांच्या बाबतीत ती उत्तम चालते, कारण फुलं जाळीवर सैलसर थर करून बसतात आणि तो थरच गाळणी होतो. इंग्लंडच्या जुन्या ब्रुअऱ्यांत हेच मोठ्या प्रमाणावर चाले. तांब्याच्या केटलमधून वर्ट हॉपबॅक नावाच्या टाकीत सोडायचा. तिच्या खाचांच्या तळावर फुलांचा थर बसे आणि त्यातून वर्ट निवळून खाली येई. गोळ्यांचं मात्र उलटं. त्यांचा लगदा जाळीला चिकटतो, ओढ वाढली की आणखी घट्ट बसतो आणि पाचेक मिनिटांत जाळीची भिंत होते. अशा वेळी लोक आणखी बारीक जाळी आणतात! बारीक जाळी आणखी लवकर भरते, एवढाच त्याचा उपयोग.

आपल्याकडच्या गुऱ्हाळात हा पेच कधी पडत नाही. उसाचा रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतात आणि काहील सरळ वाफ्यात ओततात. तळाला तोटीच नाही, तर तुंबणार काय? ब्रूअरही भेंडीसारखाच एक पदार्थ वापरतात. आयरिश मॉस या लाल सागरी शेवाळातलं कॅराजीनन उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घातलं की प्रथिनांचे मोठे, जड पुंजके होतात. पण गुऱ्हाळातली मळी तरंगते आणि हा गाळ तळाशी जातो, नेमका तोटी असते तिकडे. म्हणजे शेवाळ एकटं तोटी वाचवत नाही. गाळ लवकर आणि घट्ट बसावा एवढंच ते करतं. तो कुठे बसावा हे ब्रूअरनं ठरवायचं असतं.

ते ठरवायची युक्ती आइन्स्टाइनच्या एका निबंधात सापडते. चहा ढवळून चमचा काढला की पत्ती कपाच्या कडेला न जाता मधोमध का गोळा होते? गरगर फिरणाऱ्या जड गोष्टी बाहेर फेकल्या जायला हव्यात. नद्यांच्या वळणांचा विचार करताना १९२६ मध्ये आइन्स्टाइननं याचं उत्तर दिलं. फिरणाऱ्या पाण्यात कडेला दाब जास्त असतो. तळालगतचं पाणी घर्षणानं मंदावतं, त्यामुळे त्या दाबापुढे त्याचा टिकाव लागत नाही आणि ते मध्याकडे ढकललं जातं. जाताना ते पत्ती सोबत नेतं. मध्यावर पाणी वर चढतं, जड पत्ती खालीच राहते. कारखान्यांनी हेच तत्त्व उचललं. १९६० च्या सुमारास माँट्रियलच्या मोल्सन ब्रुअरीत उकळलेला वर्ट गोल टाकीत कडेनं तिरका सोडून फिरवायला सुरुवात झाली. त्या टाकीला व्हर्लपूल म्हणतात. गोळ्यांचा वापर वाढत गेला तसं हॉपबॅक मागे पडलं आणि व्हर्लपूल सगळीकडे पसरलं.

घरी त्यासाठी लांब दांड्याचा डाव पुरतो. गॅस बंद केल्यावर एकाच दिशेनं मिनिट-दोन मिनिटं जोरात ढवळायचं, झाकण ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. अवघड असतं ते हे हात न लावणं. मधोमध हिरवट-तपकिरी ढीग जमतो आणि कडेला वर्ट निवळतो. पातेल्यात थंड करण्याची तांब्याची वेटोळी किंवा तापवण्याची विजेची कॉइल असेल तर मात्र भोवरा मोडतो आणि ढीग विस्कटतो. वेटोळी वापरणाऱ्यांनी वर्ट थंड झाल्यावर ती काढून घ्यावी आणि मग निर्जंतुक डावानं भोवरा करावा.

आता तोटीच्या आतली नळी. पुष्कळ केटलमध्ये ती मधोमध तळाकडे वळलेली असते, कारण शेवटचा थेंबही निघावा असा बनवणाऱ्याचा हिशेब असतो. भोवरा करणाऱ्यासाठी ही जागा सगळ्यांत वाईट. नळीचं तोंड भिंतीलगत, तळापासून थोडं वर हवं. पिंपाचा तळ वाटीसारखा खोलगट असतो, तिथे गाळ आपसूक मध्याकडे घसरतो, म्हणून कडेच्या नळीचा फायदा आणखी वाढतो. तोटी सुरुवातीला अर्धवटच उघडायची. पातळी उतरत आली की ढिगाचा आधार जातो आणि तो ढासळतो, तेव्हा धार आणखी बारीक करायची. तळाशी दीड-दोन लिटर सोडून द्यायचे, हे आधीच हिशेबात धरून तेवढा वर्ट जास्त घ्यायचा. शेवटच्या थेंबासाठीचा कंजूषपणा सोडला की निम्म्या तक्रारी मिटतात.

पंप असेल तर एक नियम पक्का: धार कमी करायची ती पंपाच्या पुढच्या तोटीनं, मागच्या नव्हे. उकळीच्या जवळपासचा वर्ट घेताना मागची वाट आवळली तर पंपात वाफेचे बुडबुडे होतात आणि तो नुसताच गुरगुरतो. अनेक जण याला तुंबणं समजून पातेलं ढवळत बसतात. वर्ट थंड करायला प्लेट चिलर असेल तर काळजी दुप्पट, कारण त्याच्या पत्र्यांमधल्या फटी तोटीहून कितीतरी अरुंद असतात आणि आत अडकलेला हॉप डोळ्यांना दिसत नाही. तो सडतो तो पुढच्या खेपेच्या बिअरमध्ये.

ढवळण्याची कटकट नको असेल तर गोळ्या आधीच कोंडून ठेवाव्यात. मलमलीच्या सैल पिशवीत किंवा काठावर टांगायच्या जाळीच्या डब्यात त्या घालतात. हा डबा म्हणजे हॉप स्पायडर. त्याची जाळी सहसा ३०० मायक्रॉनची असते. कडवटपणा थोडा कमी उतरतो अशी काहींची तक्रार असते, तेव्हा पिशवी गच्च भरू नये. प्रथिनांचा गाळ मोकळाच राहतो, पण हॉपच्या लगद्याशिवाय तो तोटीला फारसा भारी पडत नाही. थोडा आंबवण्याच्या भांड्यात गेला तरी बिघडत नाही. त्यातले स्निग्ध घटक आणि जस्त यीस्टच्या उपयोगीच पडतात.

इतकं करूनही तुंबलंच तर? नळीत तोंडानं फुंकर मारू नये. माणसाच्या तोंडातले जीवाणू थंड वर्टमध्ये आनंदानं वाढतात. गरम वर्ट मागे असताना तोटी खोलायला तर मुळीच जाऊ नये, कारण साखर असलेलं उकळतं पाणी कातडीला चिकटून भाजतं. पंप असेल तर धार उलटी फिरवावी, कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं असेल तर हलका दाब द्यावा. काहीच नसेल तर वर्ट थंड करून निर्जंतुक सायफन वरून टाकावा आणि तोटीचा नाद सोडावा. काम झाल्यावर तीन तुकड्यांचा बॉल व्हॉल्व्ह खोलून घासावा. व्हॉल्व्हमधल्या गोळ्याच्या मागे साचलेली साखर नुसत्या पाण्यानं निघत नाही.

नवी केटल घेणाऱ्यानं दुकानदाराला जाळी कितीची आहे हे विचारण्याआधी आतली नळी कडेला वळते का, हे विचारावं. गोळ्या वापरणार असाल तर बझूकावर खर्च करू नका.