हाडांची घडण आणि न दिसणारा प्रकाश

हाड म्हणजे देहाचा निर्जीव खांब, अशी सामान्य समजूत असते. ती बरोबर नाहीं. हाडाच्या पोटांत दोन प्रकारचे कारागीर अहोरात्र खपत असतात. एक जुनें हाड कुरतडून काढतो. दुसरा त्या जागीं नवें रचतो. ह्या दुसऱ्याला अस्थिजनक पेशी म्हणतात. ती प्रथम कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचें विणकाम करते आणि मग त्यांत चुना व स्फुर यांचे क्षार बसून तें कठीण होतें. हाडवैद्य कामट्या बांधो कीं शल्यवैद्य प्लॅस्टर घालो, दोघेही मोडलेलें हाड जागेवर धरतात इतकेंच. सांधण्याचें काम पेशींचें.

ह्या पेशीस प्रकाशानें चेतवितां येईल काय? १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें लोलकांतून पडलेल्या रंगपट्ट्यांत तांबड्याच्याही पलीकडे उष्णतामापक ठेवला, तेव्हां डोळ्यांस कांहीं दिसत नसतांही पारा चढला. तोच अवरक्त प्रकाश. अंधारांत विजेरीवर बोटें धरलीं तर तीं तांबडीं दिसतात, कारण इतर रंग रक्त गिळून टाकतें. तांबड्यालगतचा अदृश्य प्रकाश याहूनही खोल शिरतो.

१९६७ सालीं बुडापेस्ट येथें एन्द्रे मेस्टर यानें उंदरांची पाठ भादरून तिच्यावर क्षीण तांबडा लेसर सोडला. त्यानें कर्करोग होतो कीं काय, हें त्याला पाहावयाचें होतें. रोग झाला नाहीं. केस मात्र लौकर उगवले! तेथून हा शोध पुढें चालला.

पेशींतील तंतुकणिका म्हणजे तिच्या चुली. त्यांतील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नांवाचें द्रव्य हा प्रकाश शोषून घेतें व चूल अधिक पेटते, असा प्रमुख तर्क आहे; त्यावर शास्त्रज्ञांचें अद्याप एकमत नाहीं. कांचेच्या बशींत वाढविलेल्या अस्थिजनक पेशींवर प्रकाश टाकला असतां, कित्येक प्रयोगांत त्यांची संख्या व क्षार बसविण्याची शक्ति वाढलेली आढळली. कित्येकांत कांहींच घडलें नाहीं. मात्रा थोडी तर उत्तेजन, फार तर उलट ऱ्हास, असाही अनुभव आहे. म्हणून दर चौरस सेंटिमीटरवर किती जूल प्रकाश पडला, हें सांगितल्यावांचून दिव्याची स्तुति करणें फोल होय.

शिवाय बशींतील पेशींचा थर कागदाहूनही पातळ. मांडीचें हाड तर स्नायूंच्या जाड आवरणाखालीं. तेथवर प्रकाशाचा अगदीं अल्प अंशच पोंचतो. जबड्यावर मांस थोडें, म्हणून दंतवैद्यांनीं ह्या उपचाराचे पुष्कळ प्रयोग केले. परंतु त्यांचेही निष्कर्ष एकमेकांशीं जुळत नाहींत.

तान्ह्या मुलास कोंवळ्या उन्हांत ठेवण्याची घरोघरची चाल याच सदरांत कोणी घालूं नये. कातड्यांत ड जीवनसत्त्व निर्माण होतें तें जांभळ्यापलीकडच्या किरणांनीं, म्हणजे रंगपट्ट्याच्या थेट दुसऱ्या टोंकानें. अवरक्त दिव्याखालीं कितीही वेळ बसलें तरी तें मिळत नाहीं.