गिटारला बाराखडी शिकवताना



ठाण्यातल्या बाळकुम नाक्याजवळच्या आमच्या सरावाच्या खोलीत संध्याकाळी एक खेळ चालतो. मी मांडीवर गिटार घेतो, तोंडात एक पारदर्शक नळी धरतो आणि मध्य रेल्वेची स्थानकं ‘म्हणतो’. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. गळ्यातून आवाज काढायचा नाही, हा नियम. आवाज गिटारचा; ओठ, जीभ आणि टाळू माझे. शेजारच्या मावशी माझ्याकडे पाठ करून बसतात आणि कोणतं स्टेशन आलं ते सांगतात. पहिल्या दिवशी त्यांनी दिवा ओळखलं, मुंब्रा ओळखलं. कोपर मात्र त्यांना ‘ओबर’ असं ऐकू आलं. त्या एका चुकीनं मला या वाद्याबद्दल जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याच माहितीपत्रकानं शिकवलं नव्हतं.

या साधनाला टॉक बॉक्स म्हणतात. एका डबीत छोटा पण ताकदवान ध्वनिक्षेपक असतो. गिटारचा आवाज त्यातून निघून नळीत शिरतो आणि नळीवाटे वादकाच्या तोंडात येतो. तिथे ओठ-जीभ हलवून त्याला आकार द्यायचा आणि समोरच्या मायक्रोफोननं तो टिपायचा. बस्स, एवढंच. आपण बोलतो तेव्हा स्वरतंतू कंप पावतात आणि तोंड त्या कंपनाचे शब्द करतं. इथे स्वरतंतूंची जागा गिटारच्या तारेनं घेतलेली असते.

कल्पना जुनी आहे. 1939 च्या सुमारास अमेरिकेत अल्विनो रे आपली स्टील गिटार ‘बोलती’ करत असे. पडद्यामागे उभी असलेली त्याची पत्नी गळ्याला लावलेल्या मायक्रोफोनच्या मदतीनं त्या गिटारला शब्द देत असे. 1964 मध्ये पीट ड्रेकनं तोंडात नळी धरून वाजवलेलं गाणं तिकडे घरोघर पोचलं. 1970 मध्ये लंडनला जॉर्ज हॅरिसनच्या ध्वनिमुद्रणात पीटर फ्रॅम्प्टन या तरुण गिटारवादकानं ड्रेकची ती नळी जवळून पाहिली. 1973 मध्ये बॉब हाइल यांनी मोठ्या मैदानातल्या कार्यक्रमाला पुरेल असा दणकट टॉक बॉक्स बांधला आणि 1976 च्या फ्रॅम्प्टनच्या थेट कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेनं तो जगभर पोचवला.

हा झाला इतिहास. पण मराठी माणसाच्या हातात ही नळी आली की एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. आपल्या भाषेत सा, रे, ग हेही स्वर आणि अ, आ, इ हेही स्वर. दोन्हींना एकच शब्द. टॉक बॉक्समध्ये हे दोन्ही स्वर खरोखर एकत्र येतात. बोटांनी एक स्वर ठरतो, ओठांनी दुसरा. तारेवर तोच सा ठेवून मी ‘आ’ चा ‘ई’ करू शकतो. ‘आ’ म्हणताना तोंडाची पोकळी साधारण सातशे आणि अकराशे हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी उचलून धरते. ‘ई’ म्हणताना जीभ वर जाते आणि तेच दोन उंचवटे तीनशे आणि तेवीसशेच्या जवळ सरकतात. सा जागचा हलत नाही, अक्षर बदलतं. म्हणून नवशिक्याला मी पहिला शब्द सांगतो तो ‘आई’. त्यात एकही व्यंजन नाही. पहिल्याच प्रयत्नात येतो.

अडचण व्यंजनांपासून सुरू होते, आणि इथे शाळेतलं व्याकरण मदतीला येतं. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. कठोर आणि मृदू. ‘दिवा’ आणि ‘डोंबिवली’ हे शब्द पाहा. द, व, ड, ब, ल, सगळे मृदू वर्ण. ते उच्चारताना स्वरतंतू कंप पावतच असतात, म्हणून न थांबणारी तार त्यांना चालते. कोपरमध्ये क आणि प आहेत, दोन्ही कठोर. ‘प’ साठी ओठ मिटतात, तेव्हा गळा क्षणभर गप्प बसतो. तार गप्प बसत नाही. मिटलेल्या ओठांआड ती गुणगुणत राहते, आणि ऐकणाऱ्याला ‘प’ चा ‘ब’ ऐकू येतो. ‘क’ ची तऱ्हा आणखी वेगळी. तो जिभेच्या मागच्या भागानं, कंठाशी अडवायचा असतो. पण आपला आवाज नळीतून तोंडाच्या पुढच्या भागातच येऊन पडलेला असतो. दार मागचं लावलं आणि पाहुणा पुढच्या खोलीत बसलेला, असा प्रकार. म्हणून मावशींचं ‘ओबर’ बरोबर होतं. त्यांनी कानांनी जे ऐकलं तेच सांगितलं.

आता आजच्या गिटारवादकाच्या सामानाकडे वळू. पूर्वी मोठा अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी असायची. त्या दोघांच्या मध्ये टॉक बॉक्स जोडायचा. आज ठाण्या-डोंबिवलीतली मुलं एक प्रोसेसर पाठीवर टाकून लोकलनं कार्यक्रमाला जातात. त्यात अॅम्प, स्पीकर, खोली, सगळ्याची नक्कल असते आणि आवाज थेट मिक्सरला जातो. स्पीकरची पेटीच नाही, मग नळीत हवा कोण हलवणार? प्रोसेसरमधून निघणारा सिग्नल टॉक बॉक्सचा ध्वनिक्षेपक चालवायला फार अशक्त असतो. त्यावर दोन उपाय आहेत. एक तर मध्ये छोटा पॉवर अॅम्प घ्या, किंवा ज्याच्या पोटातच अॅम्प आहे असा टॉक बॉक्स घ्या. एमएक्सआर या कंपनीचा तसा आहे. तो इतर पेडलांच्या रांगेत बसतो.

पुढचा प्रश्न क्रमाचा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गिटारनंतर नॉइज गेट, म्हणजे वादन थांबलं की खरखर अडवणारं दार, मग भरपूर डिस्टॉर्शन. डिस्टॉर्शन आवश्यकच, कारण त्यानं तारेच्या आवाजात वरचे ध्वनी भरतात. तोंडाला कोरायला काही माल हवा ना! तिथूनच, म्हणजे स्पीकरच्या नकलेच्या आधी, प्रोसेसरच्या ‘सेंड’ नावाच्या, सिग्नल बाहेर काढायच्या जॅकमधून तो टॉक बॉक्सकडे न्या. स्पीकरची नक्कल वरचे ध्वनी कापते, आणि शब्द स्पष्ट होतो तो त्याच ध्वनींमुळे. खालचा जड बास मात्र कापून टाका. त्यानं छोटा ध्वनिक्षेपक दमतो आणि शब्दाला काही मिळतही नाही. डिले आणि रिव्हर्ब, म्हणजे प्रतिध्वनी आणि घुमारा, नळीच्या आधी कधीच लावू नका. मागचा सूर नळीत घुमत राहतो, तोवर तोंड पुढच्या अक्षरावर गेलेलं असतं, आणि शब्दांचा चिखल होतो. मायक्रोफोनचा आवाज प्रोसेसरच्या माइक इनपुटमध्ये परत आणा आणि रिव्हर्ब तिथे लावा. तोपर्यंत शब्द घडलेला असतो.

मायक्रोफोनलाही गेट हवा. आमच्या खोलीबाहेरून भिवंडीकडे जाणारे ट्रक धडधडत असतात. गेट नसेल तर मी गप्प असताना कशेळीपर्यंतची वाहतूक स्पीकरमधून ऐकू येते. नळी स्टँडला चिकटपट्टीनं बांधा, तिचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून दाढेपाशी येऊ द्या, जिभेच्या वाटेत नको. आवाज कमी ठेवा. नळीतला आवाज दातांच्या मुळांपर्यंत जाणवतो. पंधरा मिनिटं वाजवून थांबावं. नळी रोज धुवावी आणि कोणालाही वापरायला देऊ नये.

हे सगळं जमलं तरी अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं काम ऐकणाऱ्याचं. प्रभाकर जोग यांच्या व्हायोलिनला महाराष्ट्र ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणत असे. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणात त्यांचं व्हायोलिन होतं. नुसत्या तारांवर गज फिरे आणि ऐकणाऱ्याला शब्द ऐकू येत. ते शब्द त्याच्याच आठवणीत असत. जोगांचा गज कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा हे इतकं अचूक सांगे की आठवण जागी होई. आमच्या आगरी-कोळी वस्तीत हळदीच्या रात्री बेंजो वाजतो तेव्हाही हेच घडतं. वाद्य चाल वाजवतं आणि मांडवातली माणसं शब्द भरतात. टॉक बॉक्स त्या परंपरेत एक पाऊल पुढे जातो, कारण तो अक्षराचा आकारही देतो. पण उच्चार, आघात आणि विराम वादकाच्या मनात पक्के नसतील तर महागातलं यंत्रही नुसतं ‘वाव वाव’ करत राहतं. म्हणून माझं तरुण वादकांना कळकळीचं सांगणं आहे: इंग्रजी गाण्यांतले तेच चार शब्द घोकू नका. आपली बाराखडी म्हणा, आपल्या गावांची नावं म्हणा. ‘बाळकुम’ मधला ‘ळ’ या नळीतून फार सुंदर येतो, कारण तो मृदू आहे आणि जीभ टाळूला लागली तरी आवाजाला दोन्ही बाजूंनी वाट असते.

आणि कोपरचं काय झालं? उपाय उजव्या हातात होता. ‘प’ साठी ओठ मिटताना तळहाताची कड तारेवर टेकवायची. तार गप्प, गळाही गप्प. ‘क’ साठी दाबलेल्या तारेवर पिकचा कोरडा ‘खट्’ आणि लगेच मोकळा सूर. गेल्या आठवड्यात मावशी पाठमोऱ्याच म्हणाल्या, “कोपर आलं रे.”

ठाणे मात्र शेवटी राहिलं. ‘ठ’ हा महाप्राण आहे. त्याला हवेचा झोत लागतो, आणि तारेत हवा नसते. खूप दिवसांनी कळलं की सूर सुटण्याच्या क्षणी आपला श्वास मायक्रोफोनवर हलकेच सोडायचा. गळा गप्पच, फक्त श्वास. तेव्हा कुठे गिटार ‘ठाणे’ म्हणाली.