अक्षर बदललं तिथे



 

संमेलनाच्या अध्यक्षाने ऐतिहासिक कादंबरीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून, ही वाट सुरू झाली. हरिभाऊ आणि नाथमाधव यांनी तिच्यावर वाचक आणला. १९६२ साली ‘स्वामी’ आली, मग इनामदार, १९८८ साली ‘पानिपत’. हे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. मला बोलायचंय ते वेगळं आहे आणि फार दिवस मनात साठलेलं आहे. आपण ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे लोक मोडी लिपी वाचत नाही.

आपण वाचतो छापील खंड. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून काढलेले ४५ खंड, राजवाड्यांची ‘साधने’, दोन-चार बखरी, आणि सर्वांत जास्त एकमेकांच्या कादंबऱ्या. त्या संपादकांचे उपकार फिटणारे नाहीत. पण कापडात बांधलेल्या कागदांच्या हजारो रुमालांतून त्यांना निवड करावी लागली आणि त्यांनी मुख्यतः राजकारण निवडलं. आपण त्या निवडीलाच अठरावं शतक समजून बसलो. पानिपत म्हटलं की पराभवाची खबर देणारं मोत्यांचं आणि मोहरांचं ते सांकेतिक पत्र प्रत्येकाला आठवतं. प्रत्येक कादंबरीत ते येतं. बाकीच्या कागदांचं काय?

काल इथे ‘कादंबरीकाराने कल्पनेचं स्वातंत्र्य किती घ्यावं’ या विषयावर परिसंवाद झाला, दोन्ही बाजू हिरिरीने भांडल्या. मी त्याचं उत्तर एका घरगुती कीर्दीतून, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतून, देते.

वाईकडच्या एका जुन्या घरात माळ्यावर काही रुमाल होते. मालकांनी आधीच एका जाणकाराकडून त्यांची यादी करून घेतली होती. त्यात या कीर्दीपुढे शेरा होता : किरकोळ घरखर्च, उपयोगाचं काही नाही. मी तीच मागून घेतली. त्या घरातला थोरला मुलगा एका सरदाराकडे कारकून म्हणून उत्तरेत गेला होता. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईनंतर त्याची खबर नाही. मारला गेला, कैद झाला, कुठे राहिला, काहीच कळलं नाही. त्याची बायको घरात होती.

मोडीत आधी एक लांब रेघ ओढतात आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांत अंतर नसतं, ऱ्हस्व-दीर्घ नसतं. डोळा बसेपर्यंत माणूस रडकुंडीला येतो. पण डोळा बसला की लिहिणाऱ्याचा हात ओळखू येतो. या कीर्दीतला हात म्हाताऱ्याचा होता, जाड आणि थरथरता, तो सासऱ्याचा. त्या हाताने वर्षानुवर्षं सणावाराला एक नोंद केली आहे : कासारास, थोरल्या सुनेच्या बांगड्यांबद्दल. रक्कम अगदी क्षुल्लक. मग एका पानावर अक्षर बदलतं. नवा हात बारीक, झरझर चालणारा, धाकट्या मुलाचा. त्या पानानंतर थोरल्या सुनेच्या नावावर कासार नाही. काही पानांनी न्हाव्याला दिलेल्या पैशांची एक नोंद आहे. कशाबद्दल, ते लिहिलेलं नाही.

माझी कादंबरी तिथे सुरू झाली. लढाईचं एकही प्रकरण मी लिहिलं नाही, त्याबद्दल समीक्षकांनी मला धारेवर धरलं. मला मात्र तो सासरा दिसत होता, मुलगा नाही हे मनोमन उमगूनही कासाराला दारातून परत न पाठवणारा. पुण्यात, पानिपतावर सेनापती असलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ साली वारल्या, तोवर सवाष्ण म्हणून राहिल्या. त्यांच्यामागे पेशव्यांचं घर उभं होतं. या बाईमागे एक म्हातारा आणि त्याचा बोरू. न्हावी तिच्याच केशवपनासाठी आला होता का, हे मी कल्पनेने ठरवलं. तेवढं स्वातंत्र्य मी घेतलं आणि पुन्हा घेईन. पण ते घ्यायचं कुठे, हे मला कागदाने दाखवलं. छापील खंडात अक्षर बदलत नाही, मित्रहो. तिथे सासरा आणि धाकटा दीर एकाच टायपात उभे असतात.

२०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची राज्यभर शोधाशोध झाली. सरकारी कामासाठी वाचक लागतात, जमिनीच्या वादात लागतात. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. मी तिथे जात आले आहे. कादंबरीकार मला क्वचितच भेटला. ज्यांच्या पुस्तकांवर ‘अस्सल साधनांवर आधारित’ असं छापलेलं असतं, त्यांना ती साधनं दुसऱ्याने वाचून द्यावी लागतात. याचं मला दुःख आहे, आणि रागही आहे.

संमेलनाने लेखकांसाठी मोडीचा वर्ग सुरू करावा. घरोघरचे रुमाल वाळवीने संपवण्याआधी त्यांची छायाचित्रं घ्यावीत. हे कसं जमवायचं, पैसा कुठून उभा करायचा, ते कार्यकारिणीने बसून ठरवावं; शिकवायला मी येईन. आणि पुढच्या वर्षी कालच्याच विषयावर परिसंवाद ठेवलात, तर प्रत्येक वक्त्यापुढे मोडीतला एक कागद ठेवा. तो वाचून दाखवावा, मग कल्पनास्वातंत्र्यावर हवं तितका वेळ बोलावं.