गिटारची घरघर : शोध आणि उपाय

सतारीची तार छेडली नाही, तर सतार मुकी राहते. विजेची गिटार मात्र वादकाने हात आवरला तरी घुमत राहू शकते. ही घरघर कोठून येते, ती कशी शोधून काढावी, आणि ती घालविण्याच्या भरात कोणती एक गोष्ट कदापि करू नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली निघालेली शाळा हैदराबादच्या ज्या नारायणगुड्यात आहे, तेथे गणेशोत्सवाचा मंडप उभा राहिला आहे अशी कल्पना करावी. गिटारच्या अँप्लिफायरला वीज एका घरातून घेतली आहे, मायक्रोफोनच्या यंत्रणेला दुसऱ्या घरातून. कमानीवर दिव्यांच्या माळा लुकलुकत आहेत. वादक खटका दाबतो, आणि पहिला सूर निघण्यापूर्वीच कर्णा घुमू लागतो. जमलेली मंडळी दहा उपाय सुचवितात, तीन गोष्टी एकदम बदलल्या जातात. आवाज थांबला तरी तो कशाने थांबला हे कोणासच उमगत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा ओढवतो. यास्तव निदानाचा पहिला नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

प्रथम आवाज नीट ऐकावा. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. त्यामुळे विजेच्या तारांतून येणारी घरघर ५० किंवा तिच्या दुप्पट १०० कंपनांची असते. संगीताच्या भाषेत सांगावयाचे, तर हा सूर पेटीच्या पांढऱ्या पाचच्या किंचित वर लागतो. मात्र तो खालच्या सप्तकांतला. सुराची जाण असलेल्या कानाला ही खूण पुरेशी आहे. सुसकाऱ्यासारखा आवाज असेल, तर तो बहुधा अँप्लिफायरच्या आरंभीच्या भागातला असतो, आणि ध्वनी फार वाढविला की थोडाफार राहतोच. हालचालीबरोबर होणारी खरखर मात्र तुटलेली केबल, सुटलेला डाख किंवा मळलेला जॅक यांची असते.

त्यानंतर एकेक दुवा तपासावा. गिटारची केबल काढून घेऊन अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणावा. तरीही घरघर उरली, तर दोष यंत्राच्या पोटात आहे. उलटसुलट प्रवाह एकमार्गी केल्यावर त्यातील लाटा सपाट करणारा कंडेन्सर जुना झाला, की १०० कंपनांचा सूर निघू लागतो. हे काम मात्र तंत्रज्ञानेच करावे. व्हॉल्व्हच्या यंत्रात शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ टिकून राहतो.

यंत्र निर्दोष ठरले, तर गिटार जोडावी आणि तिच्या अंगावरील आवाजाची कळ शून्यावर ठेवावी. आता घरघर झाली, तर संशय केबलवर. चांगली केबल लावून पाहावी. कळ वाढविताच घरघर वाढू लागली, तर ती गिटारच्या पिकअपमधून येत आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखविले. तार कंपन पावली की हेच घडते. परंतु शेजारच्या ट्रान्स्फॉर्मरचे क्षेत्रही त्याच वाटेने आत शिरते. वादकाने जागच्या जागी वळून पाहावे. एका दिशेला आवाज मंदावला, तर निदान पक्के झाले. मग गिटार ट्रान्स्फॉर्मरपासून व दिव्यांच्या माळांपासून दूर न्यावी. अमेरिकेतील गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर याने १९५५ च्या सुमारास यावर सुंदर तोड काढली. त्याने परस्परविरुद्ध गुंडाळलेली दोन वेटोळी शेजारी ठेवली आणि त्यांची चुंबकेही उलटी बसविली. बाहेरची घरघर दोन्हीकडे येऊन एकमेकींना खोडते. तारेचा सूर मात्र दोन्हीकडचा मिळून दुणावतो.

हे सारे निर्दोष असूनही मंडपात आवाज येत असेल, तर दोन घरांतून घेतलेल्या विजेकडे वळावे. दोन्ही यंत्रांना स्वतंत्र अर्थिंग असून ती एका केबलने जोडली, की अर्थिंगच्या तारा आणि केबलचे आवरण मिळून एक बंद वर्तुळ तयार होते. त्या वर्तुळात प्रवाह फिरतो आणि कर्णा घुमतो. उपाय सोपा आहे. दोन्ही यंत्रांना वीज एकाच ठिकाणाहून द्यावी. तेवढ्याने भागले नाही, तर ध्वनीच्या केबलमध्ये वर्तुळ तोडणारा छोटा ट्रान्स्फॉर्मर घालावा.

येथेच ती घातक युक्ती पुढे येते. कोणी तरी प्लगची तिसरी पिन काढून टाकतो, घरघर तत्काळ थांबते, आणि त्याच्या हुशारीचे कौतुक होते. वस्तुतः त्याने आवाजाबरोबर वादकाचे संरक्षणही काढून घेतलेले असते. गिटारच्या तारा केबलद्वारे अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाड्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसले, तर ती त्या तारांवर येऊन थांबते. वादकाचा एक हात तारांवर असतो, आणि त्याच्या ओठांशी मायक्रोफोनची जाळी असते. स्टोन द क्रोज या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे, गिटार हाती असता अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मृत्युमुखी पडला. तो त्या वेळी रंगमंचावर होता.

हैदराबादेत तर अधिक दक्षता हवी. शहर ग्रॅनाइटच्या खडकावर वसले आहे, आणि कोरडा खडक विजेस सहज वाट देत नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालतात, आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. मंडपाला वीज देणाऱ्या घराचे अर्थिंग जाणकाराकडून मोजून घ्यावे, आणि ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा खटका बसवावा. तारांना हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर कार्यक्रम तेथेच थांबवून मुख्य खटका बंद करावा. तो धोक्याचा इशारा असतो.

घरघर शोधण्यास एक चांगली केबल, स्वस्थ कान आणि अर्ध्या तासाची सवड एवढेच लागते. ही सवड कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काढावी. मंडपात प्रेक्षक बसल्यावर घाई होते, आणि घाईतच प्लगची पिन तोडण्याचा मोह होतो.