आपलं जन्माचं वजन आणि आजचं बीपी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळी पोह्यांच्या रांगेत किती जणांनी गुपचूप बीपीची गोळी घेतली, ते मी पाहिलं. मीही घेतली. पी.टी.च्या तासाला मला ‘काडी’ म्हणायचात, आता हे पोट बघा!

आई सांगायची, जन्मलो तेव्हा मी दोन किलोचाही नव्हतो. गोळीचं एक मूळ तिथेही असू शकतं. इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये १९११पासून परिचारिका बाळांचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत लिहीत. डेव्हिड बार्कर यांच्या चमूने त्या वह्यांवरून ती माणसं साठीच्या आसपास शोधून काढली. जन्मतः हलकी असलेल्यांचा रक्तदाब सरासरीने जास्त निघाला. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात, पुढे वाढत नाहीत. त्या मुळातच कमी, आणि वर देह फुगला, की ताण येतो.

फरक तसा लहान, किलोमागे दोनेक अंकांचा. तेव्हा आईला दोष देऊ नका. पोट नंतर आपणच कमावलं!

माझी नात दोन किलो शंभर ग्रॅमची जन्मली. पहिली दोन वर्षं तिने वजन धरायलाच हवं होतं, तसं धरलं. आता उंचीला मागे टाकून वजन पळायला नको. पण घरात सगळ्यांना ती ‘गुटगुटीत’च हवी, त्यावरून रोज वाद. तिच्या उंची-वजनाची वही मी ठेवतो. माझ्या खिशातली बिस्किटं बंद झाली आहेत. तिला अजून सांगितलेलं नाही.